घरगुती मलमाची डबी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणिसांनी 'घरगुती औषधे' या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच नव्हे. जुन्या मॅट्रिकच्या शिदोरीवर प्राथमिक शाळेतील मुलांना मुळाक्षरे आणि पाढे शिकविण्यात आमची उमेद खर्ची पडली. एवढ्या मोठ्या विषयाला हात घालण्याचा आमचा अधिकार तो काय? परंतु चिटणीस म्हणाले, "मास्तर, सगळ्या औषधांचे राहू द्या. तुमच्या घरची कोकमाच्या मलमाची डबी सर्व वाडीला ठाऊक आहे, तिच्याविषयीच बोला." यावर नकार देण्यास जागा उरली नाही. त्या डबीने आमच्या घरातील चार पिढ्यांच्या टाचा सांभाळल्या. त्याच डबीने, आणि आमच्याच हाताने, आमच्या घरात एक अनर्थही घडविला. या दोन्ही गोष्टी सांगावयाच्या असे ठरवूनच आम्ही आज आपल्यासमोर उभे आहोत.

कोकणात ज्यांचे बालपण गेले, त्यांना कोकमाचे तेल म्हणजे काय हे सांगावयास नको. मुंबई-पुण्यास वाढलेल्या आमच्या मुलासुनांसाठी मात्र थोडे विस्ताराने सांगतो. चैत्र-वैशाखात रातांबे पिकतात. सालीची आमसुले होतात, रसाचे सरबत होते, आणि उरलेल्या बिया शहाणी गृहिणी टाकून देत नाही. त्या उन्हात खडखडीत वाळवून पावसाळाभर ठेवतात. पाऊस सरला, हाताला उसंत मिळाली की बियांची टरफले काढावयाची, आतील गर कुटावयाचा आणि पाण्यात रटरटा उकळावयाचा. वर जो स्निग्ध थर तरंगतो, तो पळीने हलकेच काढून घेऊन थंड होऊ दिला की पांढुरका, मेणासारखा घट्ट होतो. त्याचे मुठीत दाबून गोळे करतात, म्हणून त्याला कोणी मुठेल म्हणतात. गोव्याकडे भिरंडेल म्हणतात. हे तेल नावाचे तेल, एरवी दगडासारखे कठीण. पण ऊन ऊन पेजेवर त्याचा तुकडा टाकला की विरघळून जातो, आणि तळहातावर जोराने घासला की तेथेही मऊ पडू लागतो. याच गुणामुळे ते मलमाला सोयीचे.

आमच्या आजीचे मलम दसऱ्यानंतर होत असे. तिचे प्रमाण ओंजळीचे आणि चिमटीचे होते. पुढे आमच्या पत्नीने ते वजनकाट्यावर बसविले. पन्नास ग्रॅम कोकमाचे तेल, पन्नास ग्रॅम घाण्याचे खोबरेल आणि पाच ग्रॅम शुद्ध मधमाशांचे मेण. एका पातेल्यात पाणी तापत ठेवावे, त्यात दुसरे लहान भांडे ठेवून त्यात हे तिन्ही जिन्नस वितळवावेत. चुलीवर थेट ठेवू नयेत, कारण तेल जळले की त्याला उग्र वास येतो. कडुनिंबाचा पाला घालावयाचा असल्यास तो सावलीत पूर्ण वाळवून, मंद आचेवर खोबरेलात मुरवून, कापडातून गाळून घ्यावा. ओला पाला घातला, किंवा भांड्याला पाण्याचा थेंब राहिला, तर महिन्याभरात डबीत बुरशी धरते. डबीही उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावी. एवढीच कृती. यात गुप्त असे काही नाही. मेण आणि तेल यांचा असा मेळ आपल्या वैद्यकातही फार जुना आहे. सिक्थतैल म्हणून जे सांगितले आहे, ते एक भाग मेण आणि सहा भाग तिळाचे तेल एवढेच असते.

आता हे मलम करते काय? आम्हांस वाटत असे की ते कातडीला 'पोसते'. चौकशी केल्यावर कळले की तसे काही नाही. कातडीच्या वरच्या थरात थोडे पाणी असते. थंडीवाऱ्याने ते उडून गेले की कातडी ताठर होते, आणि शरीराचा भार पडला की टाच तडकते. मलम त्यावर झाकण घालते, पाणी आत कोंडून ठेवते. जोडण्याचे काम कातडी स्वतः करते. हे एकदा समजले की मलम लावण्याची रीतही आपोआप समजते. कोरड्या टाचेवर मलम चोपडण्यात अर्थ नाही. रात्री निजण्यापूर्वी कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत, टिपून घ्यावेत, आणि ओल अंगात आहे तोवरच मलम चोळून वर सुती मोजे घालावेत. आठ दिवस हा क्रम न चुकता ठेवला तर साध्या भेगा भरून येतात. ओठ फुटणे, हिवाळ्यात पोटऱ्यांना पांढरी खवल उठणे, भांडी घासून बायकांचे हात खरखरीत होणे, या सर्वांस तेच मलम आणि तीच रीत. शतधौत घृताचे कामही थोडेफार असेच असते. तांब्याच्या परातीत गाईचे तूप शंभर वेळा पाण्याने फेसून धुतले की ते लोण्याहून मऊ होते आणि कातडीला थंडावा देते. फक्त त्यात पाणी अडकून राहिलेले असल्याने ते थोडे थोडेच करावे आणि लवकर संपवावे. ते धुण्यास हात भरून येतात, म्हणून आमच्या घरी ते क्वचितच झाले.

येथपर्यंत सर्व गोड आहे. परंतु आमच्या आजीच्या मलमाची कीर्ती केवळ मलमामुळे नव्हती, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

कोणीही डबी मागावयास आले की आजी प्रथम त्याला दारातील उजेडात आणीत असे. पाय असो, हात असो, पुसून स्वच्छ पाहत असे. मग बोटाने दाबून विचारीत असे, "दुखता काय रे?" दुखते म्हणाला तर मलम मिळे. दुखत नाही म्हणाला तर ती पुन्हा दाबी, बाजूला दाबी, आणि तरीही नाही म्हणाला तर डबीला झाकण लावून त्यास सरकारी दवाखान्याची वाट दाखवी. आम्हां मुलांना याचे मोठे हसू येई. दुखणाऱ्याला औषध आणि न दुखणाऱ्याला दवाखाना, हा उलटा न्याय कोणता? त्याशिवाय तिचा दुसरा दंडक असा की मलम तीन दिवस लावावयाचे; चौथ्या दिवशी पाय पुन्हा तिला दाखवावयाचा. वाढले असेल, वास येत असेल, पू असेल, तर पुन्हा झाकण. आणि तिसरा दंडक, ओल्यावर तेल नाही. लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत, तेव्हा ती मलमाला हात लावू देत नसे. पाय धुवा, कोरडे करा, मेंदीचा पाला वाटून लावा, असे सांगे. मेंदीने किती गुण येई ते सांगवत नाही, पण कुजलेल्या ओल्या कातडीवर तेलाचे झाकण घालू नये हे तिचे म्हणणे आजचे डॉक्टरही मान्य करतात.

आजी गेली. डबी राहिली, कृती राहिली, आणि आम्ही मोठ्या अभिमानाने ती चालविली. दंडक मात्र कोणी लिहून ठेवले नव्हते.

आमच्या वडीलबंधूंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. २०१७ च्या मे महिन्यात एका लग्नासाठी त्यांनी नवी चामडी चप्पल घेतली. तिचा अंगठा लागून पायाच्या दुसऱ्या बोटाशी कातडी सोलली गेली. वहिनींनी आम्हांस दाखविले. आम्ही नुकतेच निवृत्त झालेलो, घरीच होतो. तत्परतेने डबी काढली आणि स्वतःच्या हाताने मलम लावून वर स्वच्छ फडके बांधले. रोज सकाळी आम्ही विचारीत असू, "अण्णा, दुखते का?" आणि अण्णा म्हणत, "अरे, मुळीच दुखत नाही. तुझ्या मलमाला गुण आहे हो." आम्ही संतोष पावत असू. तोच प्रश्न आजी विचारीत असे, आणि तेच उत्तर ऐकून तिने डबी बंद केली असती. आम्हांला प्रश्न आठवला, पण तो कशासाठी विचारावयाचा ते आठवले नाही.

असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी फडके सोडताना वास आला. बोट काळेनिळे दिसत होते, पाऊल सुजले होते, तरीही अण्णा म्हणत होते की दुखत नाही. तालुक्याच्या गावी नेले, तेथून जिल्ह्याच्या गावी. दोन बोटे काढावी लागली. पाऊल वाचले हेच भाग्य. शस्त्रक्रिया करणाऱ्या तरुण डॉक्टरांस आम्ही मलमाची सर्व हकीकत सांगितली आणि विचारले की आमच्या मलमाने विष झाले काय? ते म्हणाले, "मलमाने काही केले नाही, मास्तर. मलमाने दिवस खाल्ले." मग त्यांनी समजावून सांगितले. मधुमेहात वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की पायाच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते, रक्ताचा पुरवठाही कमी होतो. अशा पायाला काटा बोचला तरी कळत नाही, आणि जखम आतल्या आत वाढली तरी दुखत नाही. ज्या पायाला दुखते, तो आपली राखण स्वतः करतो. न दुखणाऱ्या पायाची राखण दुसऱ्याने करावयाची असते.

बंधुभगिनींनो, हे सांगताना आजही आमचा आवाज जड होतो. अण्णांच्या परवानगीनेच हे सांगितले. ते समोर बसलेले आहेत. त्यांनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून तर ते अधिक लागते. आपल्या ज्ञातीत मधुमेह नाही असे घर शोधूनही सापडणार नाही. त्या घरांना आमची हात जोडून विनंती आहे की मधुमेही माणसाच्या पायाची जखम, फोड, घट्टा, भेगेतून आलेले रक्त, काहीही असो, तेथे डबी उघडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

न दुखणाऱ्या गोष्टीला आजी इतकी का भीत असे, याचा विचार आम्ही पुढे पुष्कळ केला. तिच्या तरुणपणी महारोगाचे भय घराघरांत होते. बाबा आमट्यांनी वरोड्याजवळ आनंदवन उभारले ते १९४९ साली. त्या काळात या रोग्यांची घरीदारी काय दशा होती, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा उठतो, खाज नाही, दुखणे नाही, आणि त्यावर स्पर्श कळत नाही, ही त्या रोगाची एक मुख्य खूण. आजीने ती कोठेतरी पाहिली असली पाहिजे. आमच्या शाळेतही एका मुलाच्या दंडावर असा चट्टा होता. गजकर्ण समजून त्याची आई वर्षभर पाला चोळीत होती. शाळेत तपासणीस आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याने मुलास डोळे मिटावयास सांगून चट्ट्यावर कापसाची वात फिरविली, मुलास ती कळली नाही, आणि निदान झाले. आज या रोगावर सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर ते घ्यावे लागते, आणि रोग पूर्ण बरा होतो. तो मुलगा बरा झाला, त्याच्या हातापायांना यत्किंचितही व्यंग राहिले नाही. चट्टा अंगावर आणखी पाच वर्षे पाल्याखाली झाकून राहिला असता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

गजकर्णाचा, म्हणजे नायट्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. खाज सुटणारे गोल चट्टे अलीकडे घरोघर दिसतात आणि वर्ष वर्ष हटत नाहीत. त्यावर कोकमाचे मलम लावणे व्यर्थ, कारण तो बुरशीचा विकार आहे. तिला औषध वेगळे लागते आणि ते पुरते दिवस घ्यावे लागते. परंतु त्याहून वाईट म्हणजे दुकानातून आणलेली ती तीन-तीन, चार-चार औषधे एकत्र असलेली मलमे. त्यांत स्टिरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, मनुष्य खूष होतो, आणि आत बुरशी पसरत राहते. कातडी पातळ होते ती वेगळीच. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विक्री करण्यास बंदी घातली. तरी पुष्कळ घरांतून ती नळकांडी अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरत असतात. जत्रेत किंवा बसस्थानकावर 'शुद्ध वनस्पतीचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांवरही आमचा विश्वास नाही. जे दोन दिवसांत चमत्कार करते, त्या डबीत काय मिसळले असेल ते सांगता येत नाही. अशा मलमांत स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत.

कोणी म्हणतील, मास्तर, बाजारचे सोडा, आपल्या पूर्वजांच्या वहीतील मलमे तर निर्धोक आहेत ना? आम्हीही असेच म्हणत होतो. आजोबांच्या हस्ताक्षरातील एक मोडी वही आमच्यापाशी आहे. तीत व्रणावरील मलमांच्या सात-आठ कृती आहेत, आणि त्यांपैकी निम्म्यांत शेंदूर, मुरदाडशिंग किंवा मोरचूद आहे. शेंदूर आणि मुरदाडशिंग ही दोन्ही शिशाची, मोरचूद तांब्याचे. उघड्या जखमेवर शिसे लावणे, तेही बाळाच्या अंगावर, म्हणजे काय ते सुज्ञांस सांगणे न लगे. आम्ही ती वही आदराने पेटीत ठेवली आहे, स्वयंपाकघरात नव्हे. तोच प्रकार बिब्ब्याचा. टाचेच्या भेगेत बिब्ब्याचा चटका देण्याची चाल आपल्याकडे होती. त्याच्या रसाने कित्येकांच्या पायाला फोड येऊन महिनाभर जमिनीवर पाऊल टेकवेनासे झालेले आम्ही पाहिले आहे. लसूण ठेचून बांधला तरी कातडी भाजल्यासारखी होते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडतात. फार काय, आपली सोज्ज्वळ हळददेखील एखाद्याच्या कातडीस मानवत नाही. म्हणून नवे मलम प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस चवलीएवढ्या जागेत लावून दोन दिवस पाहावे. लाली किंवा खाज आली तर सोडून द्यावे. आमचे मलमही याला अपवाद नाही.

भाजल्यावर काय करावे, हा प्रश्न भगिनीवर्गाकडून नेहमी येतो. तूप नको, हळद नको, शाई नको, दंतमंजन नको, बर्फही नको, आणि आमचे मलम तर नकोच. नळाच्या साध्या थंड पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटे तो भाग धरावा. बांगड्या, अंगठी सूज येण्यापूर्वी काढावी. फोड फोडू नये. स्वच्छ कापडाने झाकावे. तळहातापेक्षा मोठे भाजले असेल, किंवा तोंड, हात, सांधे भाजले असतील, तर पाण्याखाली धरून झाल्यावर लगेच दवाखाना. आणि बाळंतिणीच्या खोलीत डबी नेऊच नये. बाळाची नाळ कोरडी राहू द्यावी. तिच्यावर तेल, राख, कुंकू, मलम काहीही घालू नये. पूर्वी अशा लेपांमुळे धनुर्वाताने किती अर्भके गेली असतील, त्याची गणती कोणी ठेवली नाही.

आमच्या आजीस अक्षरओळख नव्हती. आपण काय बरे करू शकतो हे सर्वच वैदूंना ठाऊक असते. आपण काय बरे करू शकत नाही, हे तिला ठाऊक होते, आणि डबीला झाकण लावण्यात तिला कमीपणा वाटत नसे. चार बुके शिकलेल्या आम्हांला तो वाटला.

आता आमच्या घरातील डबी फळीवर पूर्वीच्याच जागी असते. तिच्या झाकणावर आमच्या नातीने कागद चिकटविला आहे. त्यावर तिच्या गोलगोल अक्षरांत तीन ओळी आहेत : 'आधी उजेडात पाहा. दुखत नसेल तर लावू नका. तीन दिवसांनी पुन्हा पाहा.' डबीशेजारी हातभर दांडीचा एक आरसा टांगलेला आहे. तो अण्णांचा. रोज रात्री पाय धुऊन, बोटांची बेचकी कोरडी करून, ते आरशात तळवा न्याहाळतात. त्यांना दिसले नाही तर वहिनी चष्मा लावून पाहतात. त्यानंतर टाचांना, केवळ टाचांना, बेचक्यांत नव्हे, डॉक्टरांना विचारून ठरविल्याप्रमाणे थोडे मलम लागते.

यंदा रातांबे बरे आले होते, बिया पुष्कळ वाळविल्या आहेत. ज्या कुटुंबांस मलम हवे असेल त्यांनी दसऱ्यानंतर अवश्य यावे. डबी घरून स्वच्छ आणि कोरडी करून आणावी, आणि ज्याच्यासाठी मलम हवे त्यालाही बरोबर आणावे. आमच्या पत्नी दारातील उजेडात पाहिल्यावाचून मलम देत नाहीत.